आठीचे वाचन : एका विषाचा इतिहास

मराठी भाषेने कपाळावर जितका भार टाकला आहे, तितका चेहऱ्याच्या दुसऱ्या कोणत्याही भागावर क्वचितच टाकला असेल. पाचवी-सहावीच्या रात्री सटवी येते आणि बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते; पुढे जे भोगावे लागते ते ‘कपाळीचे’ असते. नकोशी गोष्ट कानी आली की कपाळाला आठी पडते, आणि सोशिक माणसाची थोरवी सांगताना ‘कधी कपाळाला आठी पडू दिली नाही’ एवढे वाक्य पुरते. दोन भुवयांमधली, कुंकवाची म्हणून ओळखली जाणारी ती दोन बोटांची जागा आपल्या लेखी लिहिण्याची आणि वाचण्याची जागा आहे.

एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमक्या याच जागेसाठी एका टोचणीला मान्यता दिली. औषधाचे नाव बोटॉक्स. पासष्ट वर्षांपर्यंतच्या प्रौढ व्यक्तींच्या भ्रूमध्यावरील मध्यम ते तीव्र रेषांचे स्वरूप तात्पुरते सुधारणे, हे त्याचे कार्य म्हणून नमूद झाले. या औषधाबद्दल सौंदर्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि नटनट्यांच्या गोठलेल्या चेहऱ्यांवर विनोदही पुष्कळ झाले आहेत. आम्हांस येथे त्याचा इतिहास सांगावयाचा आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांना सांगावासा वाटतो याचे कारण असे की त्याची सुरुवात एका कवीपासून होते आणि त्याच्या मध्यभागी वाचनाचा प्रश्न उभा आहे. एकाच आठीचे निरनिराळ्या काळी निरनिराळे अर्थ लागले. शेवटी ती निव्वळ ‘रेषा’ उरली. हे कसे घडले ते पाहू.

जर्मनीच्या नैऋत्येस व्युर्टेम्बर्ग नावाचे राज्य होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी तेथील खेडोपाडी एका विचित्र विषबाधेने माणसे दगावू लागली. १७९३ साली विल्डबाड येथे एकाच प्रसंगी तेरा जण आजारी पडले व त्यांतील सहा मरण पावले. कारण होते रक्ताचे सॉसेज: डुकराच्या जठरात वा आतड्यात रक्त आणि चरबी ठासून भरायची, ते उकळायचे, धुरावर धरायचे आणि पुढे दिवसचे दिवस पुरवून खायचे. नेपोलियनच्या युद्धांमुळे आलेल्या दारिद्र्यात स्वच्छता ढासळली होती, आणि अन्न टाकून देणे कुणाला परवडणारे नव्हते. ठासून भरलेल्या त्या गोळ्याच्या गाभ्यात हवा पोचत नसे. विष तेथेच तयार होत होते. पण हे उमगण्यास अजून शंभर वर्षे लागणार होती.

या विषबाधेचा सर्वांत कसून अभ्यास केला तो युस्टिनुस केर्नर या सरकारी वैद्याने. केर्नर (१७८६–१८६२) जर्मन वाङ्मयाच्या इतिहासात कवी म्हणून ओळखला जातो. लुडविग उलांड हा त्याचा मित्र. श्वाबियातील स्वच्छंदतावादी कवींच्या मंडळात दोघांचेही स्थान मोठे. त्याच्या कवितांना रॉबर्ट शूमानने १८४० मध्ये संगीत दिले. ट्युबिंगेन येथे वैद्यकाचा विद्यार्थी असताना, मनोविकाराने ग्रासलेल्या होल्डरलिन या महाकवीच्या देखरेखीचे काम त्याच्याकडे आले होते. म्हणजे माणसाचा चेहरा बारकाईने पाहण्याची सवय त्याला कवितेतूनही लागली होती आणि रुग्णालयातूनही.

१८१७ मध्ये त्याने आपली पहिली निरीक्षणे प्रसिद्ध केली. १८२० च्या ग्रंथात ७६ रुग्णांची हकीकत होती. १८२२ च्या ग्रंथात ती संख्या १५५ वर गेली. त्याने केलेले वर्णन आजही जवळजवळ जसेच्या तसे ग्राह्य मानले जाते. तोंड कोरडे पडते. डोळ्यांतले पाणी आटते. बाहुल्या विस्फारतात, एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या मिटतात आणि उघडता उघडत नाहीत. घास गिळवत नाही, आवाज बसतो, हातापायांतले बळ जाते आणि शेवटी श्वास थांबतो. या सर्व काळात रुग्णाची शुद्ध मात्र कायम असते. आत माणूस पूर्ण जागा आहे, त्याला सारे कळते आहे. बाहेर चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे. पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

केर्नरने प्राण्यांवर प्रयोग केले आणि अखेर आंबलेल्या सॉसेजचा अर्क स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला. विष चरबीत उत्पन्न होते असा त्याचा समज होता व तो चुकीचा ठरला. पण विषाचा मेंदूवर परिणाम होत नसून मज्जातंतूंच्या वहनावर होतो, हे त्याने अचूक ओळखले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १८२२ च्या ग्रंथाच्या अखेरीस त्याने एक कल्पना मांडली: जे विष स्नायूंना आणि ग्रंथींना असे निश्चल करते, ते अत्यल्प मात्रेत दिले, तर जेथे स्नायू अनावर हालतात किंवा घाम, लाळ यांचा अतिरेक होतो, तेथे ते औषध ठरणार नाही काय? तीक्ष्ण विषही युक्तीने योजले तर उत्तम औषध होते, हे चरकसंहितेने सांगितलेले असल्यामुळे आपल्याला हा विचार परका नाही. केर्नरजवळ मात्र युक्ती होती, शुद्ध विष नव्हते. ते मिळेपर्यंत त्याची कल्पना ग्रंथातच राहिली.

केर्नर १८६२ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये द्युशेन या वैद्याचा मानवी मुखाभिनयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषाच्या कथेशी त्याचा थेट संबंध नाही, पण आठीच्या कथेशी आहे. द्युशेन विजेचा सौम्य प्रवाह चेहऱ्याच्या एकेका स्नायूला देई, त्या स्नायूने घडवलेला भाव छायाचित्रात पकडी आणि स्नायूला भावाचे नाव देई. भुवया आत ओढून मध्ये उभी आठी पाडणाऱ्या स्नायूला त्याने वेदनेचा स्नायू म्हटले. दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, डार्विनने भावाविष्कारावरील आपल्या ग्रंथात द्युशेनची छायाचित्रे वापरली, परंतु आठीचा अर्थ वेगळा लावला. विचाराच्या किंवा कृतीच्या ओघात काही अवघड, अप्रिय आडवे आले की माणूस भुवया आवळतो, असे त्याचे म्हणणे. त्याच्या दृष्टीने आठी ही मुख्यतः अडचणीशी झुंजणाऱ्या मनाची खूण होती.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने हे वाचन फार पूर्वीच केले होते. आठव्या अध्यायात भुवयांची सात कर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी ‘भ्रुकुटी’ क्रोधासाठी योजावयाची, आणि रौद्ररसाच्या अनुभावांतही तिला स्थान आहे. एक क्रोध वाचतो, दुसरा वेदना, तिसरा विचाराचे कष्ट. अर्थांत मतभेद आहे. पण आठीला अर्थ असतो याविषयी तिघांत मतभेद नाही.

पुन्हा विषाकडे वळू. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल या गावी एक अंत्यविधी झाला. त्यात वाजवणाऱ्या वादकमंडळाने नंतर जेवणात डुकराचे खारवलेले मांस खाल्ले. ३४ जण आजारी पडले, तिघे दगावले. रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली शिकलेले एमिल फान एर्मेंगेम हे त्या वेळी गेंट येथे प्राध्यापक होते. त्यांनी ते मांस आणि मृतांचे अवयव तपासून त्यांत हवेवाचून वाढणारा एक जंतू शोधून काढला. ‘बॉट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. त्यावरून जंतूचे आणि विषाचे नाव पडले. विष हा जंतू नव्हे, जंतूने तयार केलेले द्रव्य आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

याच सुमारास चेहऱ्यात काही टोचून त्याचा आकार बदलण्याची खटपटही सुरू झाली होती. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलिन टोचून शरीरातील उणीव भरून काढली आणि थोड्याच अवधीत नाके, गाल, सुरकुत्या यांत पॅराफिन भरण्याची लाट आली. मेण शरीरात राहीना: कुठे गाठी झाल्या, कुठे ते ओघळले. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या विख्यात सुंदरीने ऐन तारुण्यात नाकाची रेषा सरळ व्हावी म्हणून पॅराफिन टोचून घेतले. मेण खाली सरकले आणि तो चेहरा कायमचा बिघडला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सुरकुती म्हणजे खड्डा होता, आणि खड्डा बुजवणे हा उपाय. सुरकुती ही सवयीने पडलेली घडी आहे, हालचाल थांबवली तर घडी मिटेल, हा विचार कोणाला सुचला नव्हता.

तो विचार सुचण्याआधी विषाला युद्धातून जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मेरीलँडमधील कॅम्प डेट्रिक येथे जैविक अस्त्रांचे संशोधन चालवले. बॉट्युलिनमचे विष हे ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल, म्हणून ते शत्रूच्या हाती असेल या भीतीने त्याचा तेथे अभ्यास झाला आणि १९४६ मध्ये त्याच्या ‘ए’ प्रकाराचे स्फटिक हाती आले. १९४९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले की, मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला आज्ञा पोचवणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य या विषामुळे बाहेर पडतच नाही. आज्ञा सुटते, परंतु पोचत नाही. आज्ञा पाठवण्यासाठी लागणारे एक प्रथिन हे विष कापून टाकते, हे १९९० च्या दशकात कळले. काही आठवड्यांनी यंत्रणेची डागडुजी सुरू होते, आणि सामान्यतः तीन-चार महिन्यांत स्नायू पुन्हा हलू लागतो. पॅराफिन आणि हे विष यांतील मोठा भेद हाच, की एकाचे नुकसान कायमचे आणि दुसऱ्याचा लाभही तात्पुरता.

१९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जैविक अस्त्रांचा कार्यक्रम बंद केला. डेट्रिक येथे या विषाच्या शुद्धीकरणाचे काम केलेले एडवर्ड शान्त्झ १९७२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांना ते विष पुरवीत असत. तिरळेपणावर शस्त्रक्रियेवाचून उपाय स्कॉट शोधत होते. डोळा एका बाजूला ओढणारा स्नायू थोडा सैल केला तर दृष्टी सरळ होईल, असा त्यांचा तर्क होता. १९७३ मध्ये त्यांनी माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९८० मध्ये माणसांवरील. शान्त्झ यांनी १९७९ मध्ये तयार केलेला, वजनाने ग्रॅमभरही नसलेला एकच साठा १९९७ पर्यंत रुग्णांना पुरला. यावरून मात्रा किती सूक्ष्म असते याची कल्पना यावी. डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांचा अनावर मिटण्याचा विकार यांसाठी औषधाला मान्यता मिळाली. केर्नरची कल्पना १६७ वर्षांनी खरी ठरली.

आठीचा शोध मात्र रुग्णाने लावला. कॅनडातील व्हँकूव्हर येथे जीन कॅरदर्स या नेत्रवैद्य पापण्यांच्या विकारावर ही टोचणी देत असत. १९८७ मध्ये त्यांच्या एका रुग्ण स्त्रीने तक्रार केली की या खेपेस तिच्या भुवयांमध्ये टोचले नाही. तेथे तर झटके येत नाहीत, असे डॉक्टरांनी म्हटल्यावर तिने सांगितले की तेथे टोचले की चेहरा निश्चिंत दिसतो. जीन यांचे पती ॲलस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. सुरकुत्या बुजवण्याचे उपाय रोज करणारे आणि त्यांच्या उणिवा जाणणारे. दोघांनी १८ रुग्णांवरील निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे दहा वर्षांनी २००२ ची मान्यता आली.

ही हकीकत आम्हांस वारंवार वाचावीशी वाटते, ती त्या स्त्रीच्या शब्दासाठी. तिने तारुण्य मागितले नव्हते. तिला निश्चिंत दिसावयाचे होते. पुढे जाहिरातींनी या टोचणीला तारुण्याशी जोडले, परंतु मूळ मागणी अर्थाविषयीची होती: माझ्या कपाळावर जे लिहिलेले दिसते ते माझ्या मनात नाही, तेव्हा ते पुसून द्या. वर्षानुवर्षे उन्हात डोळे बारीक करून, शिवणात वा पुस्तकात मान घालून पडलेली आठी माणूस शांत असतानाही तशीच राहते. समोरचा तिला राग म्हणून वाचतो. पुरुषाच्या कपाळावरची हीच आठी विचारवंताची म्हणून खपून जाते. स्त्रीच्या कपाळावर आली की ‘कशाने रागावलात?’ असा प्रश्न येतो. म्हणून ही टोचणी घेणाऱ्यांना उथळ म्हणून निकालात काढणे आम्हांस अन्यायाचे वाटते. चुकीचे वाचले जाण्याचा कंटाळा हे त्यामागचे एक खरे कारण आहे, आणि तो दोष वाचणाऱ्याचा आहे.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. केर्नरने मरणाऱ्या रुग्णाचे लक्षण म्हणून जे नोंदले, तेच येथे विकत घेतले जाते: आत जागे मन, बाहेर निश्चल कपाळ. मात्रा अतिसूक्ष्म आहे, जागा मर्यादित आहे, परिणाम परतीचा आहे. तरी लक्षण तेच आहे. आणि विषाने आपला मूळ स्वभाव टाकलेला नाही. २००४ मध्ये फ्लोरिडात मान्यता नसलेले, संशोधनासाठीचे तीव्र विष टोचल्यामुळे चौघांना पक्षाघातासारख्या अवस्थेत कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. २००९ मध्ये अमेरिकी प्रशासनाने या जातीच्या सर्व औषधांवर, विषाचा परिणाम टोचलेल्या जागेपलीकडे पसरू शकतो, अशी ठळक सूचना छापणे सक्तीचे केले.

साहित्याच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असा एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिड हेवस आणि सहकाऱ्यांनी, आठीवर पहिल्यांदाच ही टोचणी घेणाऱ्या स्त्रियांना टोचणीपूर्वी आणि दोन आठवड्यांनंतर काही वाक्ये वाचावयास दिली. काही आनंदाची होती, काही दुःखाची, काही रागाची. वाक्य कळले की कळ दाबायची. टोचणीनंतर आनंदाच्या वाक्यांना पूर्वीइतकाच वेळ लागला. दुःखाच्या आणि रागाच्या वाक्यांना किंचित अधिक लागला. फरक सेकंदाच्या अंशांचा होता. त्यावरून ‘बोटॉक्सने सहानुभूती जाते’ अशी हाकाटी करणे चूक होय. चेहऱ्याच्या हालचालीचा भावनेवर परिणाम होतो या जुन्या सिद्धान्ताची १९८८ ची प्रसिद्ध कसोटी २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी पुन्हा घेतली, तेव्हा परिणाम आढळला नाही. २०२२ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या पाहणीत तो काही पद्धतींनी आढळला, पण लहान. वाद मिटलेला नाही. तरीही दुःखाचे वाक्य वाचताना आपले कपाळ नकळत त्या वाक्याला साथ देत असेल, ही शक्यता वाचनावर पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना विचार करावयास लावणारी आहे. भरताने अनुभावाला रसनिष्पत्तीत स्थान दिले ते नटाच्या संदर्भात. वाचकाच्या भुवयांचा विचार आपण केलेला नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. क्रोध, वेदना, विचाराचे कष्ट हे आठीचे तीन अर्थ होते. २००२ च्या मान्यतापत्रात त्यांपैकी एकही नाही. तेथे आहे ती रेषा, आणि तिची प्रत: मध्यम किंवा तीव्र. औषधाच्या कामकाजाला हे पुरेसे आहे, किंबहुना औषधाने अर्थाच्या भानगडीत पडू नये हेच बरे. त्याच औषधाने पुढे पुष्कळ दुःख हलके केले: २००४ मध्ये काखेतील अतिघामासाठी आणि २०१० मध्ये जुनाट अर्धशिशीसाठी त्याला मान्यता मिळाली. घामाविषयी केर्नरने १८२२ मध्येच लिहून ठेवले होते. पण अर्थ मान्यतापत्रातून गेला म्हणून चेहऱ्यावरून गेला असे होत नाही. तो शोधण्याचे काम आता वाचणाऱ्याकडे आले आहे. ज्या चेहऱ्यावर आठी दिसते तेथे राग गृहीत धरू नये, आणि जेथे ती दिसत नाही तेथे आत काही नाही असेही समजू नये. आपल्या भाषेने ‘कपाळाला आठी पडू दिली नाही’ अशा माणसाचा गौरव केला खरा, परंतु त्याच्या आत काय चालले होते हे विचारण्याचे मात्र पुष्कळदा राहून गेले.

केर्नरची एक गोष्ट सांगून थांबतो. उतारवयात त्याची दृष्टी मंदावली. लिहिताना कागदावर शाईचे डाग पडत. तो कागद टाकून न देता त्याची घडी घाली. उघडल्यावर दोन्ही अंगांना सारखी आकृती उमटे आणि तिच्यात त्याला चेहरे दिसत. त्या चेहऱ्यांवर त्याने छोट्या कविता लिहिल्या. त्या डागांचे आणि कवितांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये निघाले. घडी नसती तर त्या कागदावर नुसता डाग राहिला असता.